यंदा आमच्याकडे परीक्षा आहे

दि. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ते दोनदा वाचलं, तुझ्या वहिनीने किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. एकेचाळिसाव्या वर्षी का होईना, तू लग्नाचं मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. काटेवाल्यांना मी पाहिलेलं नाही. पण जो माणूस दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून पोट भरतो, त्याच्या चोखपणाबद्दल मी काय शंका घेणार?

आमचा फोन का लागत नाही असं तू विचारलंस. तो मी काढून कपाटात ठेवला आहे. तुला माहीतच आहे, यंदा आमच्याकडे परीक्षा आहे. दारावरची घंटाही काढली, रेडिओ माळ्यावर टाकला. येणारे-जाणारे खिडकीवर टिचकी मारतात, तीही हळू. त्यात शिक्षकांचा संप. ठमीच्या शाळेला कुलूप लागून कित्येक आठवडे झाले, आणि देशभराची परीक्षा मात्र ठरल्याप्रमाणे मार्चमध्येच होणार म्हणतात. म्हणजे जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा.

तू हसशील, पण मला खरोखर धास्ती वाटते. पोर सोळा वर्षांची आहे. वर्गात शेजारणीचं उत्तर चुकलं की आपलं सुधारतं; हे असलं फुकटचं शिक्षण घरी एकटीला कुठून मिळणार? मी बस कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं करतो, तसं तिचंही चार रंगांत करून भिंतीवर लावलं आहे. पण वेळापत्रकाने गाडी सुटते, गणित सुटत नाही, एवढं मलाही कळतं.

तेव्हा माझी विनंती अशी, की लग्न परीक्षेनंतर करू. मार्च संपला की मी मोकळा. विवाह नोंदणी कचेरीत साक्षीदाराची पहिली सही माझीच असेल. तोवर जरा कळ काढ.

इकडची काळजी करू नकोस, ती करायला मी आहे.
तुझा,
दादा


दि. १७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कळ काढते. आजवर दुसरं काय काढलं आहे? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यात तुझी परीक्षा आणखी एक. ठमीची म्हणायला हवं खरं, पण तुझं पत्र वाचून ती तुझीच वाटते. तुझ्या खऱ्या परीक्षेच्या वर्षी मला मावशीकडे धाडलं होतं, आठवतं का? मी सात वर्षांची होते आणि माझ्या हसण्याने म्हणे तुझं बीजगणित बिघडत होतं. मावशी फार चांगली होती, म्हणून राग धरला नाही.

काटेवाल्यांना मी तुझं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले की पारडी स्थिर व्हायला वेळ लागतोच, आपण थांबू. मग थोड्या वेळाने म्हणाले की काटा फारच वेळ हलत राहिला, तर दोष मालात नसतो, काट्यात असतो. ते त्यांच्या धंद्यातलं बोलत होते, तू मनावर घेऊ नकोस.

घाई आहे ती त्यांच्या आईला. त्यांची कवळी मीच बनवली, तिथूनच तर आमची ओळख. आता आजी म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत अशी माझी गत झाली. लग्नाचं जेवण कधी घालतेस ते सांग. मी मार्चनंतर म्हणाले. त्यांनी मार्च कुठल्या वर्षीचा ते विचारलं.

एक गोष्ट मात्र सरळ लिहिते. कचेरीत कोणाचीही सही चालते, मला चालत नाही. आई-बाबा नाहीत, माझ्या बाजूने उभं राहायला तूच आहेस. तू समोर नसशील तर मी सही करणार नाही. ही धमकी नव्हे. मला तसं जमणारच नाही, म्हणून सांगून ठेवते.

ठमीला पापा. तो आवाज न करता घ्यावा.
तुझी,
धाकटी


दि. २ मार्च

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा पुढे गेली हे तुम्ही वाचलंच असेल. पेपर तपासणारेही संपात उतरले, त्यामुळे आता मे महिना. दुष्काळात तेरावा महिना! तुमचे दादा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवं वेळापत्रक लावलं, यात पाचवा रंग आहे. तो कशाचा ते विचारायची माझी छाती झाली नाही.

हे आता घरात चवड्यांवर चालतात. ठमी वाचते की नाही हे पाहायला दर थोड्या वेळाने तिच्या खोलीचं दार किलकिलं करतात. दार करकरतं म्हणून बिजागरीला तेल घातलं, तर आता ते नकळत उघडतं आणि पोर दचकते. स्वतः भूमिती शिकायला घेतली आहे, तिला शिकवायची म्हणून. गेल्या आठवड्यात यांच्या वेळापत्रकाने दोन गाड्या एकाच वेळी एकाच फलाटावर आणल्या. साहेबांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. हे म्हणाले, घरी परीक्षा आहे. साहेबांनी मान डोलावली आणि सोडून दिलं. त्यांच्याकडे ती पुढच्या वर्षी आहे.

इथवर मी गंमत सांगितली, आता खरं सांगते. ठमी पुस्तक उघडून बसते, पण पान उलटत नाही. मैत्रीण आली की हे घड्याळ काढून उभे राहतात, म्हणून मैत्रिणी येईनाशा झाल्या. शाळा नाही, खेळ नाही, बोलायला कोणी नाही. मला परीक्षेची नाही, पोरीची काळजी वाटते.

म्हणून तिला तुमच्याकडे पाठवते आहे. यांना मी सांगितलं की वन्संकडे शांतता असते. तुमचं कवळ्या घासायचं यंत्र दिवसभर किंचाळतं, हे मी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. तुमच्या लग्नाचा विषय मी रोज काढते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मनात राग असला तरी माया तेवढी कमी करू नका.
तुमची,
वहिनी


दि. २८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ठमी मजेत आहे. पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी उठली आणि कामाच्या खोलीत खिडकीपाशी, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी पुस्तकं मांडून बसली. शेजारच्या दोन मुलींचीही शाळा बंदच आहे, त्याही येतात. तिघी एकमेकींना शिकवतात, एकमेकींच्या चुका काढतात आणि भांडतात. काल एका प्रमेयावरून इतका आरडाओरडा झाला की दाखवायला आलेला पेशंट तोंड उघडं ठेवूनच ऐकत बसला. तुझं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. रंग फार छान आले आहेत.

आता माझं. मार्च संपतो आहे. परीक्षा मे महिन्यात, तर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कचेरीत सह्या करायचं म्हणतो. दुपारी घरचं जेवण, बस्स. तू सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने जा. तुझ्या अभ्यासाचा एकच दिवस बुडेल.

काटेवाल्यांनी त्या दिवशीची कामं आधीच उरकायला घेतली आहेत. मी नवी चप्पल आणली. वय विसरून दोनदा घालून पाहिली.

येतो एवढंच लिही, बाकी मजकूर नसला तरी चालेल.
तुझी,
धाकटी


दि. ४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा पुन्हा पुढे गेली, आता वीस जून. आम्ही पालकांनी समिती काढली आहे आणि मी तिचा चिटणीस आहे. दर शनिवारी शिक्षण खात्याच्या दारात बसतो. साहेब भेटत नाहीत, पण शिपाई पाणी देतो. एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे नेमकं मोठं धरणं. चिटणीसच लग्नाला गेला तर लोक काय म्हणतील?

शिवाय ठमीची उजळणी त्याच आठवड्यात सुरू होते. घरात लग्न म्हटलं की चार दिवस आधी आणि चार दिवस नंतर मुलांचं चित्त ठिकाणावर नसतं. म्हणून मी सगळा विचार करून ठरवलं आहे. परीक्षा होऊ दे. मग निकाल, मग प्रवेशाची धावपळ. ठमी एकदा मार्गी लागली की वर्षाच्या शेवटी अगदी निवांतपणे तुझं लग्न करू. एवढी वर्षं गेली तिथे काही महिन्यांनी काय बिघडतं?

तू समजूतदार आहेस. लहानपणापासून तुझ्या समजूतदारपणाचा आम्हाला सगळ्यांना फार आधार वाटत आला आहे.

सोबत ठमीचं सुधारित वेळापत्रक जोडलं आहे.
तुझा,
दादा


दि. १२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आजपासून बेमुदत संपावर जात आहे. सगळी पुस्तकं दोरीने बांधून काटेवाल्यांच्या घरी आजींच्या पलंगाखाली ठेवली आहेत. आजी त्यांवर लक्ष ठेवतात. संप कसा करायचा हे यंदा शाळेने नीट शिकवलं, बाकी काही नाही तरी.

माझी मागणी एकच आहे. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आत्याचं लग्न व्हावं आणि तुम्ही तिथे असावं. आत्याला हे पत्र माहीत नाही. तिला कळलं तर ती मलाच रागावेल आणि तुमची बाजू घेईल. ती नेहमी तेच करते.

तुमचं पत्र तिने उभ्यानेच वाचलं. मग घडी घातली आणि यंत्र सुरू केलं. संध्याकाळी नवी चप्पल डब्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, आणि काटेवाल्यांना सांगायला जुनी चप्पल घालून गेली. आल्यावर ती म्हणाली की ते ऐकता ऐकता एक काटा दुरुस्त करत राहिले. मी विचारलं तू बाबांना का बोलत नाहीस, तर म्हणाली की दादाला पोरीची काळजी आहे, त्यात चूक काय.

बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता की हे माझ्यासाठी. मला नापास व्हायची भीती वाटत नाही. नापास झाले तर पुन्हा बसेन. मला भीती पास व्हायची वाटते. आत्याचं लग्न अडवून ही पास झाली असं मलाच आयुष्यभर वाटत राहील. घरी मी पान उलटत नव्हते ते याचमुळे. प्रमेयात लक्षच लागायचं नाही, सारखी आत्या डोळ्यांपुढे यायची. तुम्ही दाराच्या फटीतून बघायचात तेव्हा हे सांगावंसं वाटायचं, पण बोललं की अभ्यासाचा वेळ जातो म्हणून गप्प बसले.

मी चर्चेला तयार आहे. आमचे सर म्हणतात की सरकार त्यांना कधी चर्चेला बोलवतच नाही. तुम्ही तसे नाही असं मला अजून वाटतं.

संपावर असूनही तुमची आज्ञाधारक,
ठमी


दि. १६ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हा शुद्ध अडवणुकीचा प्रकार आहे. अशाने देशाचं काय होणार? तुझ्या आईने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा.

शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो. गाडी वेळेवर असेल, वेळापत्रक माझंच आहे. समितीला मी कळवलं आहे की चिटणीसांच्या घरी संप झाला आहे.

पुस्तकं सोड. आणि तुझ्या आत्याला सांग, चप्पल काढून ठेव. डब्यातून काढून, म्हणजे घालायला.
तुझा,
बाबा


दि. १८ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं आणि आजी खुशाल असाल. त्या दिवशी आजींनी माझ्यापेक्षा जास्त जेवण केलं, ते पाहून तुझ्या हातच्या कामाचा अभिमान वाटला. काटेवाल्यांना माझा नमस्कार. माणूस कमी बोलतो. मी सही करताना कागद सरकायला लागला, तेव्हा त्यांनी तो हळूच धरून ठेवला.

बातमी तुम्ही ऐकली असेल. संप मिटला, शाळा उघडणार. पण बुडालेला अभ्यास आता पुरा करून घ्यायचा, म्हणून परवाची परीक्षा परत पुढे ढकलली. नवी तारीख यथावकाश कळवू म्हणतात. यथावकाश हा वार कुठल्या आठवड्यात येतो ते मला माहीत नाही, तेव्हा या वेळी वेळापत्रक केलेलं नाही. ठमी शाळा उघडेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. भांडू दे तिघींना.

शेजारीपाजारी सध्या माझ्या दूरदृष्टीचं फार कौतुक करतात. परीक्षेवर विसंबलो नाही, बहिणीचं लग्न वेळेत उरकून घेतलं, असं म्हणतात. मीही नाही म्हणत नाही. तुझी वहिनी अशा वेळी स्वयंपाकघरात जाते.

पण तुला खोटं लिहिणार नाही. बातमी ऐकली तेव्हा मला ठमी आठवली नाही, तू आठवलीस. मी तुला अजून थांब असं लिहिलं असतं. यथावकाश म्हणजे केव्हा ते मला ठाऊक नसतानाही लिहिलं असतं. आणि तू बरं म्हणाली असतीस.

आता मला उत्तर लिहिताना, एकदा तरी, नाही असं लिहून पाठव. कशालाही चालेल.

तुझा,
दादा