गोळीआधीची भाकरी

आई, सकाळी गुडघा धरला म्हणून गोळी काढली आणि सवयीनं आधी भाकरीचा तुकडा मोडला. इथं साताऱ्यात त्याचं कारण विचारणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले.

लढाईची वर्षं होती. साखर, रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण कुंडलच्या आपल्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्यांची बरणी भरलेली असायची. दुकान तुम्ही नवरा-बायको चालवायचात: दादा माल आणायला फिरायचे, गल्ल्यावर तू. एका संकष्टीला तुझी दाढ ठणकत होती. उपास मोडायचा नाही म्हणून निरंकार पोटी दिवसभर गोळ्या घेत राहिलीस आणि दिवे लागायच्या सुमाराला काळी, रक्ताची उलटी झाली. अजून डोळ्यांसमोर आहे, कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून तुला सांगलीला नेतो आहोत. तुझं डोकं माझ्या मांडीवर आहे, चढ आला की मोटार धापा टाकत थांबते आहे आणि आपण पोचत नाही असंच मला वाटतं आहे. डॉक्टरांनी तुला वाचवलं. ही गोळी रिकाम्या पोटाला भाजते, काहीतरी खाऊनच घ्यावी, आणि तू तर यापुढं तिला हातसुद्धा लावू नकोस, असं त्यांनी बजावलं. तुझ्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता, तरी तू विचारलंस, "मंग आमी लोकास्नी इकतो, त्येंचं काय?"

घरी आल्यावर तू नेम केलास. गोळी मागायला येणाऱ्याला आधी विचारायचं, जेवलास का? नसेल तर घरी पाठवायचं, नाहीतर ओट्यावर बसवून भाकरी-दूध द्यायचं. वरच्या आळीतल्या मोठ्या घरची सून कपाळाला फडकं बांधून आली, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांच्याकडं रानातून पुरुष येऊन जेवल्याशिवाय बायका घास घेत नसत. तू तिला ओट्यावर बसवून खायला घातलंस. दुसऱ्या दिवशी तिची सासू दारात उभी. सुनंला आमी उपाशी ठेवतो, असं गावाला दाखवतीस का, म्हणून तिनं तुला फैलावर घेतलं.

"आवं आत्याबाई," तू शांतपणे म्हणालीस, "औषिदाचा नेम हाय. उद्या तुमी आला तर तुमालाबी खाल्ल्याबिगर गोळी मिळायची न्हाई."

त्या घरचा किराणा बंद झाला. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हणून दादा कासावीस झाले. गोळी विकावी, कोण काय खातं ते आपण बघू नये, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तू चुलीवरचा तवा उतरवलास आणि म्हणालीस, "रगात मी वकलंय, तुमी न्हाई." दादा उठून मालाच्या पिशव्या झटकू लागले.

थंडी पडली तशी आत्याबाईंचे गुडघे आखडले. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून त्या स्वतःच दुकानात आल्या. तू पिठलं-भाकरीची दोन ताटं समोरासमोर मांडलीस. आत्याबाई म्हणाल्या, "सुनंसंगं?"

"तिचंबी डोकं दुखतंय. दोगीबी खावा."

मग त्या ताट पुढं ओढून जेवल्या. सुनेनं मान वर केली नाही, पण भाकरी सगळी संपवली. पुढं आडावर आत्याबाईच बायकांना सांगू लागल्या, उपाशीपोटी गोळी घेऊ नका, आमच्यात सुना न्याहरी करूनच कामाला लागतात. नेम जणू त्यांचाच. तू ते ऐकून गालात हसायचीस, आणि शेजारी कळशी धरून उभी असलेली मी फुगून जायची, की ही माझी आई आहे.

हे पत्र मी ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून देईन. लोक मला म्हणतात, तू थेट आईवर गेलीस, आणि मी मान डोलावते. तुला म्हणून सांगते, आत्याबाई गोळीसाठी आल्या त्या दिवशी दुकानात तुझ्या जागी मी असते, तर त्यांच्या धाकानं, जेवलात का हेही न विचारता, गोळी मुकाट्यानं काढून दिली असती.