मोहिनीने विष दिले त्या भागानंतर

लिहून ठेवणार: प्रयागबाई हौशीराम हिंगे, वय ६८, धंदा मंडप व शेती, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे.

कारणे लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, गोळ्या मी वेळेवर घेते आणि पाठीमागे कोण काय बोलते ते मला अजून नीट ऐकू येते. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. आमच्या घरात ते काम आजवर माझ्याकडेच होते. खाली लिहिलेली सगळी मिळकत यजमान वारल्यावर मी मंडपाच्या धंद्यातून माझ्या नावावर घेतली आहे. तिच्यात वाडवडिलांचे काही नाही, त्यामुळे ती कोणाला द्यायची हे मीच ठरवणार. मसुदा मंचरच्या आरती वकीलबाईंनी केला. काही वाक्ये गाळा असे त्या म्हणाल्या. त्यातली बहुतेक मी ठेवली आहेत.

मला अपत्ये दोन. थोरली मोहिनी, धाकटा गोरख. मोहिनी नाटकातून मालिकांत गेली. तिचे लग्न झाले, मूल पोटातच गेले, मग नवराही गेला. त्यानंतर तिला ‘मेघदुर्ग’ या मालिकेत काम मिळाले. ढगांवर तरंगणारा किल्ला, पंखांचे घोडे आणि सहा वर्षांचा एक बाळराजा अशी ती गोष्ट. मोहिनी त्या राजाची दाई झाली होती. गावात पोरेसोरे तिला ‘दाई, दाई’ म्हणून हाक मारायची, आणि मला ते आवडायचे.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग मी देवळापुढच्या पटांगणात माझ्या एलईडी स्क्रीनवर गावाला फुकट दाखवला. आधी मोहिनीला शाल-श्रीफळ दिले, पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवले. भागात दाईने दुधाची वाटी राजाच्या तोंडाला लावली. राजा तिच्या मांडीवरच निपचित पडला. मग पहिली चप्पल स्क्रीनवर बसली. दुसरी मोहिनीच्या पाठीत. कोणीतरी ओरडले, “चेटकीण हाय ही!” आणि ज्या हातांनी शाल घातली होती तेच हात पुढे आले. गोरख समोर मोबाईल धरून उभा होता. म्हणाला, “ताई, इकडं बघ ना जरा. लई व्ह्यूज येतील.”

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. मालिकेचे भक्त स्वतःला मेघसैनिक म्हणवतात. ते मोहिनीच्या फोनवर काय काय लिहायचे ते वकीलबाईंनी इथे घेऊ दिले नाही. मग एक चॅनेलवाला दारात आला आणि गोरखने त्याला खुर्ची दिली. कॅमेऱ्यापुढे गोरख म्हणाला, “तिचं सोताचं बी पोर गेलं व्हतं ना. तवापासून ती अशीच हाय.” त्याच दिवशी लोकांनी लिहायला सुरुवात केली की हिने आधी आपले खाल्ले, आता राजाचे खाल्ले. मोहिनीने ते वाचले तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. तिने फोन उशीखाली सरकवला आणि भाजी निवडायला घेतली.

तर आता व्यवस्था.

एक. मंडपाचे खांब, कापड, खुर्च्या, जेवणावळीची भांडी आणि टेम्पो हे सर्व गोकुळ याला. तो माझ्याकडे कामाला आहे. त्या दिवशी एवढ्या गर्दीत जनरेटर बंद करावा हे एकट्या त्याला सुचले. नंतर त्याने मोहिनीला टेम्पोत बसवून घरी आणले आणि वाटेत एक शब्दही विचारला नाही.

दोन. एलईडी स्क्रीन गोरखला. चप्पल लागली त्या जागी तो काळा पडला आहे. मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. गोरखने तो दुरुस्त करावा किंवा त्यात आपले तोंड बघावे. माझ्याकडून त्याला याखेरीज काही नाही.

तीन. राहते घर मोहिनीला. गोरख व त्याची बायको वृषाली माझे तेरावे उरकल्यावर त्यातून निघतील. वृषालीचे माहेर बेल्ह्याला आहे, तिथे जागा भरपूर आहे असे ती लग्नापासून सांगत आली आहे.

चार. गावच्या तरुण मंडळाला काही नाही, यात्रेला एक खांबसुद्धा नाही. कारण सांगते. पुढच्या वर्षी मालिकेचे नवे पर्व आले. त्यात उघड झाले की वाटीत विष नव्हतेच. मारेकऱ्यांपासून राजाला वाचवायला दाईने त्याला बेशुद्ध करणारा पाला दिला होता. राजा जिवंत निघाला. मग तेच मेघसैनिक रडत व्हिडिओ टाकू लागले, “दाई माँ, हमें माफ कर दो.” मंडळाने वेशीवर फ्लेक्स लावला, ‘अवसरीची वाघीण’. गोरख त्याच्याखाली उभा राहून ‘माझी ताई’ म्हणून बोलला. मंडळाची पोरे पेढे घेऊन आली. “काकू, झालं गेलं इसरा. ताईला बोलवा, मिरवणूक काढू.” मी पेढे त्यांच्यासमोर म्हशीच्या पुढ्यात टाकले. फ्लेक्स उतरवून आणला तो अजून कांदा साठवायच्या बराखीवर आहे. पाऊस आत येत नाही.

वाटीत विष नाही हे मोहिनीला पहिल्यापासून ठाऊक होते. बाहेर सांगायचे नाही असे कंपनीने लिहून घेतले होते. तिने मलाही सांगितले नाही.

पाच. बराखीमागचे शेत, विहिरीसह, गोरखचा मुलगा, माझा नातू शौर्य याला. तो सज्ञान होईपर्यंत मोहिनी विश्वस्त राहील आणि पिकाचे उत्पन्न त्याच्या खर्चाला तिच्या हातून जाईल. याला एक अट आहे, आणि ती समजायला बारशाचे सांगावे लागेल.

शौर्यचे बारसे त्या भागानंतर दीड महिन्याने झाले. मोहिनी स्वतः शिवलेले अंगडे-टोपडे घेऊन आली. पाळण्याशी जाऊन तिने हात पुढे केले. वृषालीने पोर छातीशी ओढले. “ताई, तुमच्या हातात नको.”

“अगं, ते सिरीयलमधलं आहे.”

“म्हाईतीय मला. तरी बी नको. माझं मन न्हाई धजत.”

बायका खाली बघत राहिल्या. गोरख म्हणाला, “ऱ्हाऊ दे ना ताई, कशाला वाढवती?” मोहिनीने अंगडे पाळण्याच्या कडेवर ठेवले आणि ती न जेवता गेली. तिची पाठ वळल्यावर वृषालीने ते अंगडे चुलीजवळच्या चिमट्याने उचलून बाहेर टाकले. सगळ्यांच्या देखत.

मोहिनी तिथून डोंगरात तळेघरला गेली. मालिकेचे धुक्यातले चित्रीकरण तिकडे झाले होते, तेव्हा ती ठमाबाई नावाच्या बाईच्या घरी उतरायची. ठमाबाईने तो भाग पाहिला होता. दार उघडून म्हणाली, “लई पाप केलंस बया त्या खेळात. ये, भाकर खा.” मोहिनी तिथेच राहिली. भात लावते, नाचणी काढते. नव्या पर्वाचे तिचे काम आधीच चित्रित झालेले होते. त्यानंतर तिने एकही काम घेतले नाही.

तर अट अशी. दर भाऊबीजेला वृषालीने शौर्यला घेऊन तळेघरला जावे. गोरखने गाडी देऊ नये. एसटीने जावे, पुढे ठमाबाईच्या वाडीपर्यंत चालावे. वाडीतल्या चार बायकांच्या समोर शौर्यला आपल्या हातांनी मोहिनीच्या मांडीवर ठेवावे आणि “ताई, घ्या” असे मोठ्याने म्हणावे. पोर मांडीवर मावते आहे तोवर हे चालू राहील. ज्या वर्षी चुकेल त्या वर्षीचे पीक ठमाबाईचे.

या दिवाळीत मी तळेघरला जाऊन हे कलम मोहिनीला वाचून दाखवले. ती अंगणात पेंढा रचत होती. हातातली पेंढी तिने खाली ठेवली.

“आई, नको गं हे. शिक्षा म्हणून कुणाचं पोर माझ्या मांडीवर नको.”

“तिनं केलं ते विसरलीस?”

“नाही विसरले. पण दरसाल मला तेच बघावं लागेल. आणि त्या पोरालाही कळेल, आपल्याला इथं कशाला बसवलंय ते.”

“मग काय, तिला सोडून देऊ?”

“मला सोड,” मोहिनी म्हणाली.

आरती वकीलबाईंनी आज सही करण्यापूर्वी पुन्हा विचारले, पाचव्या कलमातली अट काढायची का. मी म्हटले, राहू द्या.

हे सर्व मी ऐकले, मला समजले, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर खाली सही केली.

सही: प्रयागबाई हौशीराम हिंगे

साक्षीदार:
१. रामनाथ बबन टाव्हरे, राहणार अवसरी बुद्रुक (सही)
२. ज्ञानेश्वर किसन थोरात, राहणार मंचर (सही)

ठिकाण: मंचर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५