मोटरचा आठवा नट

प्रिय इंजिनीअरबाई,

अत्यंत खेदाने कळवतो, की तू पाठवलेल्या मोटरच्या खोक्यात बोल्ट आठ आणि नट सातच निघाले. एका विदुषीच्या हातून असा प्रमाद घडावा, हे मी परवा सकाळी आपल्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत ती विजेची मोटर बसवताना मिस्त्रींना दोनदा ऐकवलं. त्यांनी गॅरेज झाडून काढलं, मी गाडीखाली आडवा झालो. नटराज अंतर्धान पावले ते पावलेच. शेवटी मिस्त्रींनी जुन्या डब्यातला एक शोधून बसवला.

बॅटऱ्यांवरून त्यांचा-माझा बरेच दिवस शास्त्रार्थ चालला होता. ते म्हणत, लेड-अ‍ॅसिडच्या घ्या, स्वस्तात काम होईल. पण त्या वजनाला भारी, वेळोवेळी पाणी पाजायचं, आणि निम्मी ताकद शिल्लक असतानाच मान टाकणाऱ्या. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये असे पुष्कळ होते, आता गाडीत नकोत. म्हणून तू सांगितलेल्या लिथियमच्याच घेतल्या.

मोटरच्या बाबतीत मात्र मी तुझंही ऐकलं नाही. जुना गिअरबॉक्स राहू द्या, लहान मोटरवर भागेल, असं तू बजावलंस, मिस्त्रीही तेच म्हणाले. मी हटून बसलो. गिअर नको, क्लच नको, मोठी मोटर थेट चाकांना जोडा. तुम्ही दोघांनी त्याला म्हातारचळ म्हटलंत, मी म्हणू दिलं. खरं असं, की वर्षभर माझ्या डाव्या पायाला क्लच दाबलेला कळत नाही. साखरेचा प्रताप, म्हणाले डॉक्टर. दुखत नाही, खुपत नाही. शेजाऱ्याचा पाय आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा असतो. वाईटही फारसं वाटलं नाही. तीन पेडलांतलं एक कमी केलं की झालं, एवढाच विचार केला.

परवाच दुपारी गाडी अंगणात फिरवली. आवाज नाही, धूर नाही. आई शेजारी बसली आणि रविवारी तुला नि तुझ्या छोटीला स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी माझी कंबर धरली होती, म्हणून बूट तिनेच काढले. उजव्या बुटातून नट पडला. तळव्यावर त्याचे सहाही कोन उमटलेले, मोज्याला रक्त. दिवसभर मी त्याच्यावर उभा होतो. "अहो, टोचलं नाही तुम्हाला?" तिने विचारलं. कामाच्या नादात कळलं नाही, म्हणालो. तिने ते मानलं.

तेव्हा तक्रार मागे घेतो, नट आठच होते. पण उजवा पाय ब्रेकचा. तो ब्रेकवर आहे की नाही, हे मला आता खाली बघून ठरवावं लागतं, आणि खाली बघताना समोर कोण आलं ते दिसत नाही. रविवारी छोटीला घेऊन भाड्याच्या गाडीने ये. आल्याबरोबर माझ्याकडून किल्ली काढून घे. मी नाना कारणं सांगेन, ती ऐकू नकोस. आईला काय सांगायचं, मला सुचत नाही. मला भीती वाटते.

तुझाच,
बाबा