तळहातावरचं तेज

३ जून
शाळेची ऑर्डर मिळाली! सगळ्या मुलांची ओळखपत्रं. काम आवडलं तर दरवर्षी आमच्याच स्टुडिओला देऊ, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. चाळिशी उलटली, डोळे दगा द्यायला नकोत, म्हणून गोळ्यांच्या तीन बाटल्या आणल्या. एक डोळ्यांसाठी, एक त्वचेसाठी, एक तारुण्यासाठी. तिन्ही नैसर्गिक, म्हणजे अपायाचा प्रश्नच नाही.

बायको म्हणाली, बीपीची गोळी चालू आहे, आधी डॉक्टरांना विचारा. तिला समजावलं की हे औषध नाही, आहाराला पूरक आहे. पूरकाचं कुणी विचारत नाही.

५ जून
बाटलीमागची बारीक अक्षरं वाचता येईनात. डोळ्यांची गोळी लागू पडली की वाचीन.

१४ जून
बाटलीवर रोज एक लिहिलंय. ते सामान्य माणसासाठी. मी दोन-दोन घेतो. शिवाय गाजराचा रस, मोठा ग्लास. नाश्ता बंद, गोळ्यांनीच पोट भरतं.

२९ जून
तेज आलं. शेजारचा शिंपी म्हणाला, चेहरा काहीतरी वेगळाच दिसतोय. मी आभार मानले. बायको म्हणाली, पिवळे दिसताय. मी म्हटलं, सोनेरी. तिनं नाक मुरडलं. तिला तारुण्याच्या गोळ्या देऊ केल्या, तर तिनं माझ्या चहात साखरच घातली नाही.

८ जुलै
कॅमेरा बिघडला, तोही ऐन शाळेच्या कामात. माझी पद्धत साधी आहे: सकाळी स्वतःच्या तळहाताचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर तो माझ्या नेहमीच्या हातासारखा दिसेपर्यंत रंग जुळवायचा, आणि तोच हिशेब दिवसभराच्या फोटोंना लावायचा. बायको पांढरा कागद धरून रंग जुळवते. शिकाऊ लोक तसं करतात.

आज पडद्यावर हात पिवळाधमक. मी पिवळा रंग कमी केला. अनुभव यालाच म्हणतात.

१२ जुलै
हात आणखी पिवळा. लेन्स पुसली, दिवे बदलले, दुकानदाराशी भांडलो. पिवळा आणखी कमी केला. बायको म्हणाली, एकदा हाताकडेही बघा. हात मला रोज दिसतो!

१६ जुलै
सगळी ओळखपत्रं छापून शाळेत पोचवली. मुलं काय गोरी आलीत! आईबाप खूश होतील.

१८ जुलै
बाईंचा फोन. मुलं निळी आलीत. पालक विचारतायत, फोटोआधी पोरांना बर्फात उभं केलं होतं का? शनिवारपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर काम दुसऱ्याला.

बायकोनं मला खिडकीशी नेलं आणि माझ्या हाताशेजारी आपला हात धरला. माझी पाचावर धारण बसली. कावीळ!

१९ जुलै
कावीळ नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे पांढरे आहेत, तरी खात्रीसाठी रक्त तपासू. मग काय काय घेता ते विचारलं, बाटल्या मागितल्या आणि ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. गाजराला रंग देणारं द्रव्य तिन्हींत तेच! त्यात माझे डबल डोस, वर रस. पिवळेपणा उतरायला काही आठवडे लागतील.

सिगारेट ओढता का, विचारलं. नाही म्हटलं. बायको खोकली. कधीतरी, म्हटलं. तेव्हा मात्र ते गंभीर झाले. ओढणाऱ्यानं या गोळ्या अशा भरमसाट घेतल्या तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणाले. गोळ्या सुरू करण्याआधी मला का विचारलं नाही, असंही म्हणाले. मी म्हणणार होतो, ते औषध नाही, पूरक… बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

२० जुलै
रक्त ठीक. बाटल्या आणि सिगारेटचं पाकीट बायकोनं टाकून दिलं. मी विरोध केला नाही.

फोटो पुन्हा काढायची गरज पडली नाही. मुलांच्या शर्टाची पांढरी कॉलर बघून तिनं मूळ फोटोंचे रंग जुळवले. पांढरं प्रत्येक फोटोत होतंच. मला लाज वाटली, पण तिला म्हटलं, हे मी सुचवणारच होतो.

२७ जुलै
काम पसंत पडलं. दरवर्षी आमच्याकडेच! गेटवर दाखवायला आमचीही ओळखपत्रं करायला सांगितली. बायकोनंच केली. तिच्यावर 'छायाचित्रकार' आहे, माझ्यावर 'मदतनीस'. ते एक वेळ सोडून दिलं. पण माझा फोटो? पिवळाजर्द! म्हटलं, रंग चुकलाय, दुरुस्त कर.

तिनं फोटोतल्या माझ्या शर्टावर बोट ठेवलं. शर्ट पांढराशुभ्र आला होता.