निळा गाळ

शुक्रवार, १२ सप्टेंबर

शाळेत शिवणाच्या तासाला वच्छला माझ्या सुईत दोरा ओवून द्यायची. माझे डोळे तेव्हाही अधूच. कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. ती दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायची, एका फटक्यात ओवायची आणि मान न वळवता खांद्यावरून सुई मागे द्यायची. सिस्टर बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या. यात सांगण्यासारखं काहीच नाही. पण आज गाडी सोलापूर स्टेशनात शिरली आणि वच्छला फलाटावर दिसली, तेव्हा मला आधी तिची पाठच आठवली.

पुण्यातली शाळेतली नोकरी संपली, भाड्याची खोली सोडली, लग्नाच्या वाटेला मी कधी गेलेच नाही. वच्छला वर्षभर फोनवर म्हणत होती, इकडे ये, दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ. मला बघताच ती म्हणाली, "बये, किती वाळलीस! पुण्यात जेवायला घालत न्हाईत का?" मी म्हटलं, माझ्या वाटचं कुणी जेवलं ते दिसतंय. ती फलाटावर पोट धरून हसली.

घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याला लागून. कारखाना सयाजीरावांचा, म्हणजे वच्छलाच्या नवऱ्याचा. ते गेले, माग विकले गेले, रिकामी शेड तेवढी उरली. आजूबाजूच्या शेडमधून मागांची खटखट दिवसभर चालू असते. वच्छला म्हणते, आठ दिवसांत ऐकू येईनाशी होईल.

तिचा मुलगा अमृत बंगळूरची नोकरी सोडून आलाय. मागच्या रंगखोलीत बिअर बनवतो! परवाना मिळाला की शहरात छोटं दुकान काढायचं त्याच्या मनात आहे. मला म्हणाला, "मावशी, तुमच्या मदर सुपिरियरनं हे बघितलं असतं तर?" मी म्हटलं, आधी चव घेतली असती, मग रागावली असती.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज अमृतनं सगळं दाखवलं. मोड आणून वाळवलेली मालदांडी ज्वारी, त्यात बाहेरून मागवलेलं बार्ली माल्ट. ते गरम पाण्यात भिजवून गाळलं, हॉप्सची कडू फुलं घालून उकळलं. घरभर हुरड्यासारखा आणि वर थोडा कडू वास.

ते पाणी निवल्यावर आंबवणारं यीस्ट घालून फर्मेंटरमध्ये. ही स्टीलची टाकी तीन पायांवर उभी, जवळजवळ माझ्या उंचीची. वर गोल झाकण कडीनं आवळलेलं, खाली भोवऱ्यासारखी निमुळती. यीस्ट काम संपवून त्या टोकात साचतं, आणि टोकाचा नळ उघडला की गाळ निघून जातो. वर दाबाचा काटा. एक छोटा व्हॉल्व्ह जास्तीचा वायू हळूहळू सोडतो आणि एक मोठा, कडीवाला, आणीबाणीचा.

मी विचारलं, दाब कशाला? तो म्हणाला, सोलापूरच्या उकाड्यात यीस्ट चेकाळतं आणि चव बिघडते, दाबाखाली ठेवलं की शिस्तीत राहतं. मला हसू आलं. आमच्या सिस्टरांचीही हीच पद्धत होती.

काट्यावर त्यानं तांबडी खूण केलीय. काटा तिच्याकडे सरकला तर हाक मारायचं काम माझ्याकडे. दुपारी मी तिथेच खुर्ची टाकून विणत बसते. टाकीतून बुडबुड्यांचा आवाज येतो, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. सोबत वाटते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. मोठ्या व्हॉल्व्हची कडी कुणीतरी चिंधीनं करकचून बांधून ठेवली होती. टॉवेलच्या काठाची जुनी पट्टी. अमृतनं सोडली आणि शिवयोगींना हाक मारली. शिवयोगी इथले जुने फिटर, आता राखण करतात. ते कानाला हात लावून म्हणाले, मी न्हाय मालक. अमृत हसला, पण ती गाठ त्यानं दोनदा निरखून बघितली.

मग गाळ काढला. टोकाचा नळ किंचित उघडला. आधी घट्ट तपकिरी आलं, आंबोळीच्या पिठाच्या वासाचं. मग निळं. गडद निळं, शाईसारखं. अमृत म्हणाला टाकी नीट धुतली गेली नसेल, आणि नळ बंद केला. माझ्या बोटाला लागलेलं साबणानं जाईना. वास यीस्टचा नव्हता. कपडे रंगवायच्या रंगाचा होता.

रविवार, २१ सप्टेंबर

मायाक्का वळसंगहून रोज स्वयंपाकाला येते. तिला माझं बोट दिसलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. मग दार लोटून तिनं मला सांगितलं.

त्या खोलीत पूर्वी रंगाची मोठी बंद टाकी होती, वाफेच्या दाबावर चालायची. तिच्यावर गुरुबसप्पा नावाचा कामगार होता, अक्कलकोटकडचा. मोठी ऑर्डर होती आणि व्हॉल्व्हमधून वाफ सुटत होती. वाफ सुटली की रंग उशिरा चढतो. सयाजीरावांनी स्वतः काठाची पट्टी घेऊन व्हॉल्व्ह बांधला. गुरुबसप्पा हात जोडून "बिडरी, बिडरी" म्हणत होता. म्हणजे कानडीत सोडा, सोडा. सयाजीराव दारात उभं राहून म्हणाले, घाबरतो काय बायकांसारखा, रंग बघ. झाकण उडालं. मायाक्का म्हणाली, "डोस्कं ऱ्हायलंच न्हाय बाई. भिंतीवर निळं आन् तांबडं, दोनी." पुढे गडी पिऊन होता असं लिहून दिलं गेलं.

मी म्हटलं, वाईट झालं, पण ती टाकी तर आता नाही. मायाक्कानं परात उचलली. म्हणाली, "न्हाय कशी? पोरानं तीच कापून ही बनवून घेतली की. स्टील चांगलं हाय म्हणला."

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घट बसले. अमृतनं पहिली बिअर बाटल्यांत भरली, टाकी धुऊन सुकत ठेवली. सकाळी तिच्या मोठ्या व्हॉल्व्हला पुन्हा पट्टी, रिकामी असताना.

अमृतनं शिवयोगींना काही विचारलं नाही. हातात पाना होता, तोच मारला. पहिला खांद्यावर, दुसरा तोंडावर. म्हातारा खाली पडला तरी थांबला नाही. मी ओरडले, मध्ये गेले, माझ्या चष्म्यावर रक्ताचे थेंब उडाले. शिवयोगींनी दोन दात ओंजळीत धरले आणि फाटकाबाहेर गेले. अमृत नंतर मोरीवर हात धूत रडत होता. म्हणत होता, मी असा नाही गं मावशी.

वच्छला दारात उभी होती. ती पुढे आली नाही. दाराला टेकून बघत होती, डाळ शिजली का बघावं तसं. दुपारी तिला चहा दिला तेव्हा तिची नखं बघितली. मुळाशी निळी.

तिला म्हटलं, चल, दोघी कुठेतरी जाऊ, पुण्याला जाऊ. ती म्हणाली, पोराला टाकून?

शनिवार, २७ सप्टेंबर

मायाक्का कपाटातून लोणच्याची बरणी काढत होती. शेजारची बिअरची बाटली फुटली. फुटली म्हणजे काय, बार उडाला. मी धावले तर ती ओट्याला टेकून आपल्या हाताकडे बघत होती. दोन बोटं नव्हती. एक फरशीवर होतं, अंगठीसकट. तिच्या अंगभर निळा फेस.

हॉस्पिटलात तिनं माझा पदर धरून ठेवला होता. "वैनीला काडा तितनं. त्यो धन्याच्या घरचं मागतोय. आमी मधे आलो म्हनून घावलो." वैनी म्हणजे वच्छला.

अमृतनं उरलेल्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून शेतात नेऊन फोडल्या. मला वाटलं आता थांबेल. तो म्हणाला, बाटल्यांची चूक होती, टाकीची नाही. पुढची खेप सोमवारी.

मंगळवार, ३० सप्टेंबर

कालची खेप जोरात चढलीय.

आज भर दुपारी मी वच्छलाला बघितलं. टाकीजवळ उभी होती. पट्टीचं टोक जिभेवर ओलं करून ती गाठ मारत होती. हात मनगटापर्यंत निळे.

मी हाक मारली. तिनं वळून माझा गळा धरला. माझ्यापेक्षा ती कधीच ताकदवान नव्हती. भिंतीवर आपटलं, डोकं, पुन्हा डोकं. पुरुषी आवाजात एकच शब्द, "बिडूदिल्ल." मग हात सैल पडले. ती मलाच विचारू लागली, तुला काय लागलं गं, पडलीस का.

मायाक्काला फोन करून अर्थ विचारला. सोडणार नाही.

अमृतला सगळं सांगितलं. गळ्यावरचे वळ दाखवले. त्यानं ऐकलं. परवा दसरा झाला की आईला डॉक्टरकडे नेऊ म्हणाला. टाकी रिकामी करायचंही कबूल केलं. उद्या सकाळी, पहिलं काम.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

मी उठायच्या आत वच्छलानं पूजा मांडली होती. पाना, पकड, कोयता, कात्री ओळीत. मध्ये टाकी, झेंडूच्या माळा घातलेली. ओलं हळदकुंकू तिनं प्रत्येक स्क्रूला, प्रत्येक भोकाला थापलंय, सयाजीराव मागांना लावायचे तसं. छोटा व्हॉल्व्ह त्यातच बुजलाय. मोठ्यावर पट्टी आणि वर लाल नाडा.

पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा ह्या घरचा दंडक. मागाला चालतं. माग थांबतो. अमृत म्हणाला, आई, ह्याच्या आत जिवंत यीस्ट आहे, ते नाही थांबत गं. तिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." अगदी तिच्याच आवाजात, रडून.

तो मागे सरला. शिकलेला मुलगा. मीही टाकीला हात लावला नाही. आईची शपथ होती —

•

काटा तांबड्या खुणेवर. बुडबुड्यांचा आवाज नाही. बारीक शिट्टी.

एमआयडीसी सगळी बंद. माग बंद. इतकी शांतता मी इथे आल्यापासून ऐकली नव्हती.

•

अमृत शपथ मोडून आत गेला. पट्टीला हात घातला. तिनं ओळीतला कोयता उचलला.

दोन घाव. एक मनगटाच्या वर, एक मानेजवळ. झेंडूवर रक्त, काट्याच्या काचेवर रक्त. मी त्याला काखेत धरून फाटकापर्यंत ओढलं. एक टेम्पोवाला थांबला, देव त्याचं भलं करो. अमृत बोलत होता. मावशी, आईला बाहेर काढ. तेवढंच, परत परत. टेम्पो गेला.

मी त्यात बसू शकत होते.

•

ती टाकीला मिठी मारून उभी आहे. दोन्ही हात व्हॉल्व्हवर. निळे, कोपरापर्यंत. मी खालचा नळ उघडून बघितला. घट्ट काहीतरी अडकलंय, केस असावेत. थेंब थेंब निळं. कात्रीनं पट्टी कापायला गेले तर तिनं माझी बोटं चावली. हाडापर्यंत. उजव्या हाताची. डाव्यानं लिहितेय.

झाकणाची कडी वाकते आहे. दिसते आहे वाकताना.

दार उघडं आहे. मला अडवत नाहीये कुणी. गुरुबसप्पा बघतोय, मी जाते का.

मध्येच ती म्हणाली, वैजू, जा गं. तिच्या आवाजात. म्हणजे ती आत आहे अजून.

पुन्हा जाते. त्याआधी हे. वही खिडकीबाहेर टाकीन.

माझ्या पाटल्या मायाक्काला. दोन्ही. तिला आता भाकरी थापता येणार नाही.

पुस्तकं पुण्याच्या माझ्या शाळेला. टाकीजवळ बसून विणलेलं निळं स्वेटर जाळा.

शिवयोगींच्या घरी जाऊन अमृतनं पाय धरावेत. माझं घड्याळ त्यांना.

अमृतला काय देऊ, घर त्याचंच. त्याला सांगा, कोयता त्याच्या आईनं उचलला नाही. नीट सांगा. पुन्हा पुन्हा सांगा.

गुरुबसप्पाच्या घरचं कुणी असेल तर अक्कलकोटकडे शोधा. खरं काय झालं ते लिहून द्या त्यांना. सही अमृतची.

टाकीचं स्टील कुणालाच नाही. भंगारात नाही, फुकट नाही —

शिट्टी थांबली.

तिचं एक बोट सुटलंय. मला दिसतंय. दुसरं — येते गं, आले —

माझ्या आईची काश्मिरी शाल, ट्रंकेत वरच आहे, ती वच्छलाला. ती म्हणेल उकडतंय. तरी तिच्या खांद्यावर