काजव्याची साक्ष

४ मार्च

उजेड आला! काल पेशींवर औषध घातलं, आज मशीनने आकडा दाखवला — नेहमीच्या सहापट. पुन्हा मोजलं. तेच.

दादाच्या स्नायूंमधलं एक प्रथिन तयार होताच मोडतं, म्हणून त्याची ताकद गळत चालली आहे. त्या बिघडलेल्या जीनच्या शेपटीला मी काजव्याचा ल्युसिफरेज जीन, म्हणजे उजेड पाडणारा, जोडला. दोन्ही एकाच प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका इवल्या कड्यात. प्रथिन टिकलं तर काजवा पेटणार, मोडलं तर अंधार. इतके महिने नुसता अंधारच पाहिला. आज जीव भांड्यात पडला.

५ मार्च

दादाला सांगितलं. न सांगून राहवतं कुठे. "म्हणजे मी आता चमकणार का गं?" म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

औषध जुनंच, दुसऱ्या आजारावरचं. डॉक्टर तयार नव्हते. मी हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे त्यांनी लिहून दिलं.

१९ मार्च

दादाला फोन केला. "फरक पडतोय ना?" — "पडतोय की. हलकं वाटतंय."

दिवसभर हवेत होते.

२ एप्रिल

शेजारच्या टेबलावरचा सहकारी — आम्ही त्याला शंकासुर म्हणतो — माझे आलेख बघून म्हणाला, "नुसत्या काजव्यावर घातलंस का हे औषध? तो बिघडलेला जीन न जोडता?"

नाही घातलं. नाकाला मिरच्या झोंबल्या. याला कुणाचं बरं बघवतच नाही.

पण डोक्यातून जाईना. शेवटी नुसता काजवा घातलेल्या पेशी लावल्याच.

४ एप्रिल

नुसता काजवाही सहापट पेटला.

औषध दादाच्या प्रथिनाला शिवतसुद्धा नाही. ते काजव्यालाच धरून बसतं, त्याला मोडू देत नाही. उजेड वाढला तो एवढ्यामुळेच. आणि मी घरभर आनंद वाटून आले.

ही तपासणी आधी करायची असते. नव्याने येणाऱ्यांना मीच शिकवते. या वेळी केली नाही, कारण मला ती करायचीच नव्हती. हातमोजे न काढताच खुर्चीत बसून रडले. शंकासुराने चहा आणून ठेवला. त्याच्यावर चिडायलाही जागा उरली नाही.

५ एप्रिल

पण दादाला बरं वाटतंय, ते? दुसऱ्या कुठल्या वाटेने लागू पडत असेल. पडत असेलच. जाऊन बघते.

७ एप्रिल

वहिनी बाहेर गेली होती. दादाला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "गोळ्या मी कधीच सोडल्या गं. पोटात ठरत नव्हत्या. तू इतकी खुलली होतीस, मला बोलवेना. आता हिला सांगू नकोस. तिला अजून वाटतं, मी घेतोय."

तेवढ्यात वहिनी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काय गं, आहे ना फरक?"

मी हो म्हटलं.