मावळतीला घे

१० एप्रिल २०१६, चाकूर

मोबाइलच्या खेळात आज नांदेडहून विमान उडवलं आणि थेट आमच्या चाकुरावर आणलं. होकायंत्राचे आकडे काही कळेनात. बाबा आयुष्यात विमानात बसले नाहीत, पण शेजारून म्हणाले, "आकडे सोड. मावळतीला घे, दक्षिणेला जास्त दाब." विमानाला मावळती कळते का? पण घेतलं, आणि खरंच आमचं तळं आलं. काठोकाठ, निळंशार. हा नकाशा कुठल्या सालचा असेल? बाहेर टँकरसाठी घागरींची रांग, आणि इथं एवढं निळं पाणी.

मी विमान उतरवायला निघाले, तर बाबांनी हात धरला. "लई दिसानं भरल्यालं दिसलं. उतरू नको. अजून एक चक्कर मार."

बॅटरी संपेस्तोवर पाण्यावरच फिरत राहिलो.